थंड इंजिन

"येतोय म्हणून कळवू नकोस," दस्तगीरमामा म्हणाले होते.
मी कळवलं. शाळेतली खोड, वेळ ठरवायची.
साडेसातला कसबा बावड्यात पोचलो
तर हेरवाड्यांनी गाडी धुऊन फाटकाबाहेर काढलेली,
टायरांना काळं पॉलिश, आरशाला नवी लिंबू-मिरची.

मामांनी रंग बघितला नाही, किलोमीटर विचारले नाहीत.
बॉनेटवर तळहात ठेवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"चहा घेऊया का?" म्हणाले.

दोन तास चहा झाला.
हेरवाडे सांगत होते, मामा ऐकत होते डाव्या कानानं
(उजवा शिरोलीच्या फाउंड्रीत गेला):
सव्वीस वर्षं औषध कंपनी,
साखरपा, देवरूख, रत्नागिरी, परत त्याच रात्री कोल्हापूर,
टार्गेट कधी चुकलं नाही, एकदाही.
आता डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलंय,
म्हणून विकायची.
शर्टाच्या खिशाला हात लावत बोलत होते,
गोळ्यांची पट्टी जागेवर आहे ना, तेवढं चाचपत.

मग मामा सायलेन्सरपाशी उकिडवे बसले.
"आता मार."
मी किल्ली फिरवली.
धूर आला, ओंजळभर, निळसर, कुंपणापर्यंतही गेला नाही.
"दव असतंय सकाळचं," हेरवाडे म्हणाले.
"दव पांढरं असतंय साहेब."

तेलाचं झाकण काढून उलटं ठेवलं तोंडावर,
ते टुणटुण नाचायला लागलं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला,
मामा डोळे मिटून.
मला नुसता आवाज ऐकू येत होता. त्यांना शिट्टी ऐकू येत होती,
आणि शिट्टीत रवा.
"पाईप काढू का? तुमची हरकत नसंल तर."
हेरवाडे स्वतःच पाना घेऊन आले.

पाईपात बोट घातलं, बोट काळं बाहेर आलं.
टर्बोचं चाक चिमटीत धरून हलवलं.
"हे बघ. इकडंतिकडं थोडं हलणारच,
कानातली बाळी हलते तेवढं.
आतबाहेर हलता कामा नये."
मी धरलं.
ते आतबाहेर हललं.

मामा हात पुसत राहिले. बराच वेळ.
मग सहज विचारावं तसं,
"आंबा घाट चढून वर आला, धाब्यावर थांबला,
तर गाडी लगेच बंद करता, का मिनिटभर चालू ठेवता?"

हेरवाडे हसले.
"मिनिटभर? कशाला?"

त्या "कशाला"नंतर कुणीच काही बोललं नाही.
मामांनी पाईप जागेवर बसवला, क्लिप आवळली,
आपली नसलेली वस्तू जपून ठेवावी तशी.
बिलांची फाईल चाळली. तेल वेळेवर बदललेलं, प्रत्येक वेळी.
"काळजी घेतलीय," म्हणाले, खरंच.
भाव विचारला नाही. हेरवाड्यांनीही सांगितला नाही.
फाटकाशी मला म्हणाले, "बाई, तुम्हाला रोज गगनबावडा करायचा म्हणता,
घाई करू नका, दुसऱ्याही बघा."

परत येताना मामा मागे बसलेले, वाऱ्यात ओरडत:
"पळतानाचं टर्बो नुसतं आगीचं असतंय.
तेल फिरतंय तवर जगतंय.
झटक्यात बंद केलंस की तेल जागच्या जागी जळतंय,
कोळसा होतोय. एका दिवसात न्हाई.
सव्वीस वर्षांत."
गाडीची सात वर्षं होती.
मी दुरुस्त केलं नाही.

उद्यमनगरात त्यांच्या शेडसमोर स्कूटर उभी केली.
मामा उतरले, हत्यारांची पिशवी खाली ठेवली.
मी तशीच बसून, इंजिन चालू,
दहा, पंधरा, वीस.

"काय झालं?"

"मिनिटभर."

"अगं स्कूटरला टर्बो नसतंय," मामा म्हणाले, "बंद कर,
पेट्रोल काय फुकट मिळतंय?"