कणकुंबीच्या पुढं

सकाळी सव्वासहाची कणकुंबी गाडी.
काचा आतून घामेजलेल्या, कंडक्टरचा मफलर नाकावर,
आणि मागच्या लांब सीटवर आम्ही तिघं,
चौघांची जागा अडवून.

बसलिंग चढल्यापासून बोलतोय.
चाळीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा राहिलेला माणूस
बसला की बोलतो, असं सातेरी म्हणतो.
सातेरीचं स्वतःचं बोलणं म्हणजे
मांडीवरच्या फडक्यात बांधलेली रताळी:
चुलीतल्या राखेतनं काढलेली, अजून धग असलेली,
तीनदा मोजून पाहिलेली.

जांबोटी गेली. धुकं मसुरीच्या रानावर
असं पसरलंय की कुणीतरी दूध सांडलं
आणि घरी सांगितलंच नाही.
मळणी उरकलेल्या खळ्यावर एक कुत्रं
पिंजराच्या गंजीला पाठ लावून उन्हाची वाट बघतंय.

उतरलो. थंडी कानात शिरली.
"साकप्पा, परत जाऊया," बसलिंग म्हणाला,
दर वर्षी म्हणतो तसं, आणि दर वर्षीप्रमाणं
सगळ्यांच्या पुढं चालू लागला.

वाट आधी झाडीतनं, मग जांभ्यावरनं.
गवत वाळून पिवळं. गव्याचं शेण ताजं, वाफाळतं,
म्हणून थोडा वेळ तिघंही गप्प.
एका ओहोळापाशी सातेरी थांबला:
"हे पाणी कुणीकडचं?"
इथं वीतभर उंचवट्यावर ठरतं
ह्यानं मलप्रभेतनं लांब देशावर हिंडायचं
की दोन दिवसांत गोव्याकडं उडी टाकायची.
मी एक पान सोडलं. ते दगडाला अडकलं,
तिथंच गोल फिरत राहिलं.

खरं, आमचं भांडण निराळंच.
पठाराच्या टोकावरनं समुद्र दिसतो,
हे कुस्तोदियोचं म्हणणं.
अकरा हिवाळे तो त्या कड्यावर उभा राहून
बोट करायचा: "तो बघ, चकाकतोय की!"
बसलिंग म्हणायचा, ढग.
सातेरी म्हणायचा, खाणीतली धूळ.
मी चष्मा पुसत राहायचो,
म्हणजे मला बोलावं लागायचं नाही.

यंदा कुस्तोदियो नाही.
कॅम्पातलं घर भाड्यानं देऊन
लेकीकडं राहायला गेलाय, वास्कोला. गुडघ्यांसाठी.
खारी हवा गुडघ्याला चांगली, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं
ते आम्ही विचारलं नाही.

कड्यावर वारं असं की मफलर धरावा की टोपी.
खाली डोंगरामागं डोंगर, निळ्यात निळं विरत गेलेलं,
आणि शेवटी एक रेघ.
कुणीच काही बोललं नाही.
होय म्हणणारा नव्हता, तर नाही कुणाला म्हणणार?

फोन लागला. तिकडं लाटांचा आवाज,
की वाऱ्याचा, आमच्याच बाजूचा.
"कुठं आहेस?"
"वाळूत. खुर्ची फिरवून घेतलीय, समुद्राकडं पाठ.
तुम्ही पोचला काय?"
"पोचलो की."
"मग हात करा. इकडनं डोंगर दिसतोय,
पुसट. तुम्ही तिथंच असणार."

आणि साठी ओलांडलेली तीन माणसं
रिकाम्या पठारावर हात हलवू लागली.
सातेरीनं रताळ्याचं फडकं सोडून तेच फडकवलं.
बसलिंग दोन्ही हातांनी, मोठं चाक फिरवल्यासारखा.
"दिसलो काय रे?" तो ओरडला,
"दिसलो काय?"
खरं फोन तेवढ्यात तुटला होता.

रताळी चार होती. गार झालेली.
चौथ्याचे तीन तुकडे काही नीट होईनात.

परतीच्या गाडीत बसलिंग गप्प.
मागच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसून
जांबोटीपर्यंत पश्चिमेकडं बघत बसला.
"काय बघतोस?"
"ढग," म्हणाला.