त्रेचाळीस विकला

बुध चुकतो.
शंभर वर्षांत त्रेचाळीस विकला,
हात लांब करून धरलेल्या केसाएवढं.
तेवढ्यापायी ओदिलचा नवरा
शार्त्रजवळच्या गावात अकरा उन्हाळे
सूर्याकडे बघत बसला.
मेणबत्तीवर काचा काळ्या करायची ओदिल.

न दिसलेल्या ग्रहाला त्यानं नाव ठेवलं,
वजन दिलं, वहीत फिरायला वाट दिली.
पाळणा माळ्यावरच राहिला,
त्याचं गणित कुणी मांडलं नाही.

आधी त्याचा डावा डोळा गेला. मग तो.

फार उशिरा, पाद्र्याच्या वर्तमानपत्रातून कळलं:
ग्रह नव्हताच.
सूर्यापाशी जागाच जराशी वाकलेली.

ओदिल ‘बरं’ म्हणाली, सूप ढवळायला उठली,
आणि माळ्याखालून जाताना
नेहमीसारखी
थोडी बाजूनं गेली.