उतरलेला गंधार

मिरजेच्या सतारवाल्यांनी हात वर केले:
याला तारा नाहीत, हा आमचा रोगी नव्हे.
बेळगावला जा, शहापुरात,
तिथं मल्हारी कणबरकर पेट्या दुरुस्त करतो.

म्हणून पंचेचाळीस साली वळिवड्याच्या पोलिश छावणीतून
चौदा वर्षांचं एक पोर
मिरजेला गाडी बदलून आमच्या दुकानात आलं.
पाठीवर अकॉर्डियन, खिशात साडेतीन रुपये.
नाव लुत्सियान. वडिलांनी लगेच लुशा केलं.

भाता उघडला तर आत वाळू.
कुठली, ते वडिलांनी खुणेनं विचारलं.
पोरानं बोटं मोजली: बर्फ, आगगाडी, बोट, इराण.
पाचवं बोट त्यानं मिटून घेतलं.

एक सूर तुटला होता. वडिलांनी जुन्या पेटीतली
पितळी जीभ काढून तिथं बसवली, कानस घेतली.
टोकाशी घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो,
हे आमच्या घरात पाळण्यात शिकवतात.
त्या दिवशी मुळाशी दोन हात जास्त पडले.
गंधार केसभर खाली बसला.
पाचची गाडी होती. पोराला कळलं नाही,
असं वडिलांना वाटलं. पैसे पुरते घेतले.

आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही.
खरं, जेवताना मधेच म्हणायचे, "साडेतीन रुपये,"
आणि ताट सरकवायचे.

पुढं पोस्टकार्डं यायची, वर्षाकाठी एखादं.
कॅम्पातला पाद्री वाचायचा, वडील काम न थांबवता ऐकायचे.
लुशा वॉर्सात शिकतोय.
लुशाची पहिली रचना सतरा माणसांनी ऐकली,
त्यातली नऊ झोपली.
लुशाला सिनेमा मिळाला, मिठाच्या खाणीवरचा.
मग बाहुल्यांचा. मग तीन युद्धाचे,
युद्धाला ढोल फार लागतात म्हणून वैतागलेला.
सिनेमाच्या पैशावर तो मैफलीचं लिहायचा,
मैफलीत शिट्ट्या खाऊन परत सिनेमाला जायचा.
वडील म्हणाले, "आपल्यासारखंच की.
भजनी मंडळाची पेटी फुकट, नाटक कंपनीची रोख."

एक्याऐंशी साली टिळकवाडीत फिल्म सोसायटीनं
त्याचा एक सिनेमा आणला.
एक बाई. दोरीवर गोठलेल्या चादरी.
ती त्या फळ्यांसारख्या काखेत मारून घरात नेते.
बराच वेळ संगीतच नाही. मग
एकच सूर.

वडील अंधारात उभे राहिले.
मागून कुणी ओरडलं, "बसा की वो!"
"उतरलाय," ते म्हणाले. "माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी साडेतीन रुपये घेऊन पोस्टात गेले.
खिडकीतला म्हणाला, "पोलंडला मनीऑर्डर होगूदिल्ल री."
दोघांनी कानडीतून बराच वाद घातला.
शेवटी नुसतं पत्र गेलं, चुकीचं.

उत्तर चार महिन्यांनी आलं.
मला तर मिरजेच्या फलाटावरच कळलं होतं, लुशानं लिहिलं.
इथं चौघांनी तो नीट करायला मागितला, दिला नाही.
बासरीवाले माझ्याशी भांडतात, त्यांना तो सापडत नाही.
तुमच्याकडं त्याला काय म्हणतात?

वडील आठ दिवस विचार करत होते.
अकॉर्डियन नसलेल्या बाकावर बोटं फिरवायचे.
मग म्हणाले, "लिही, नाव नाही.
काळ्या आणि पांढऱ्या पट्टीच्या फटीत धूळ साचते ना,
तिथं राहतो."

ते पाकीट परत आलं.
वर वाचता न येणारा जांभळा शिक्का.
वडिलांनी ते उलटसुलट केलं,
"घर बदललं असेल," म्हणाले, आणि कानशींच्या खणात ठेवलं.

आता बाकावर मी बसतो.
पेट्या येतात, वडगावातून, खानापुरातून,
एखाद्या पेटीत माझा हात मुळाशी जास्त पडतो.
गिऱ्हाईक परत आणतं: गंधार उतरलाय हो तुमचा.
मी म्हणतो, होय.
राहू दे की आठ दिवस.
दोघं तिघं अजून आलेले नाहीत.