चालू स्थितीत

फोनवरची मुलगी विचारते, गाडी चालू आहे की बंद?
आर्डिस टोर्गरसन म्हणते, गाडी चालू आहे. बंद मी आहे.
पलीकडची टकटक थांबते.
यादीत तसा रकाना नसतो.

होंडा, सन एकोणीसशे ब्याऐंशी, रंग मरून,
टाकीला डाव्या अंगाला पोचा:
कॅनडाच्या हद्दीजवळ हरिण आडवं आलं, तेव्हाचा.
हरिण लगेच उठून गेलं, आर्डिस तासाभराने.
हे सांगायचं नव्हतं, पण सांगून झालं.
मुलीने लिहिलं, किरकोळ नुकसान.

पायांची तक्रार नाही. मणक्याचीही नाही.
दगा दिला बोटांनी.
आल्याच्या गड्ड्यासारखे सांधे,
क्लच ओढायला जावं तर
डावा हात दुसऱ्याच कुणाचा होतो.
गेल्या उन्हाळ्यात ती नुसतीच गाडीवर बसायची,
गॅरेजचं दार सताड उघडं, तोंड गव्हाकडे,
आणि हॅवरहून येणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायची.
एकदा एकशे बारा भरले.

टाकी रिकामी करून ठेवा, असं पत्रात होतं.
मंगळवारी संध्याकाळी तिने नळी लावली
आणि पेट्रोल डब्यात सोडलं,
बारीक धार, थांबत थांबत.
दान देताना हातावरून पाणी सोडतात,
हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं;
मोंटानातल्या लुथरन चर्चमध्ये असलं काही नसतं.
तरी तिने डावा हात धारेखाली धरला, का कोण जाणे,
आणि नंतर दोनदा साबणाने धुतला.

बुधवारी ग्रेट फॉल्सहून ट्रक घेऊन डुएन लाफ्रॉम्बॉइस आला,
कानावर पेन, दाढीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
सही इथे. इथे. इथेही.
पावती जपून ठेवा, करात सवलत मिळते.
कर भरावा इतकं माझ्याकडे उरलंय कुठे, बाळा.
डुएन सत्तावन्न वर्षांचा.
त्याने पेन दोनदा उघडून मिटलं.

फळी लावून तो गाडी ढकलायला वाकला, तेव्हा ती म्हणाली, थांब.
कार्ब्युरेटरमध्ये घोटभर उरलं असेल.
तू मागे बस. क्लच तुझा. बाकी सगळं माझं.

नियमात बसत नव्हतं.
तो बसला.

पुढे एकाहत्तर वर्षांची बाई,
मागे एकशे वीस किलोचा माणूस, तिच्या काखेखालून हात घालून.
ओढ.
आता सोड. सावकाश. अरे, सावकाश म्हणजे सावकाश!
पहिल्या झटक्याला डोक्याला डोकं आपटलं,
मग गाडीला कळलं काय चाललंय ते.
धान्याच्या कोठाराला एक फेरी.
ओढ, दुसरा टाकते.
आणखी एक. कुत्रा मागे, आधी भुंकत, मग नुसताच पळत.
तिसऱ्या फेरीला, शेडच्या वळणावर,
इंजिन खोकलं,
आणि इतकं शांत झालं
की तारेवरच्या पक्ष्याचं पंख झाडणं ऐकू आलं.

बराच वेळ कुणी उतरलं नाही.
डुएनची मूठ अजून क्लचवर आवळलेली,
सोड म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

जाताना त्याने कागदावर 'चालू स्थितीत'पुढे खूण केली
आणि खाली एक रेघ मारली, गरज नसताना.

सहा आठवड्यांनी पत्र:
लिलावात चारशे दहा डॉलर आले,
वृद्धांना घरपोच जेवण देण्यासाठी वापरले जातील, आभार.
आर्डिस एकटीच हसली.
ते जेवण तिच्याकडेच येतं, मंगळवारी आणि शुक्रवारी,
फॉइलच्या डब्यात.

शुक्रवारी तिने झाकण काढून आधी वास घेतला.
मांसाची वडी, गाजर, मटार.
पेट्रोल कुठेच नाही.
मग एक मटार काट्याने डब्याच्या कडेकडेने नेला,
एक फेरी, दुसरी,
वळणावर स्वतः जराशी कलून.
काटाही हल्ली मुठीत धरावा लागतो.