कान न पाडलेली

यादीत स्क्रू एकोणीस, खोक्यात निघाले अठरा.
बाकी सगळं होतं: नळी, घोडा, चाप,
अक्रोडाचा अर्धाकच्चा दस्ता,
आणि चिंचोक्याएवढी गारगोटी, कातड्यात गुंडाळलेली.

एकतीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत
मी एकाच कड्याला गेज लावलं.
जातं. जात नाही.
ते पुढे कशाला बसतं, कुणी दाखवलं नाही.
मीही विचारलं नाही.

पोलादाला पंचफुलाच्या डबीतलं काजळ फासायचं,
लाकडात दाबायचं, उचलायचं,
काळं उमटेल तेवढंच खरवडायचं.
पुन्हा काजळ. असे आठ दिवस.
"माह्या डोळ्याले उरू द्या थोडं."

नळीवर गंज चढवावा लागतो, मुद्दाम, तपकिरी.
पण मे महिन्यात नागपुरात गंजतं काय?
शेवटी कूलरसमोर टांगली,
वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात तिसऱ्या दिवशी धरला.
तोवर आम्ही दोघं घामात, हवा बंदुकीला.

दस्त्याला जवसाचं तेल.
घरभर चटणीचा वास.

नळीला कान पाडलेला नाही.
ठाण्यात तसं लिहून दिलंय.
रंजक पेटली तरी आत काही कळणार नाही तिला.

एकोणिसावा स्क्रू इतवारीतल्या घड्याळवाल्यानं दिला,
पैसे घेतले नाहीत.

काल रात्री लाइन गेली.
मी घोडा ओढला, चाप दाबला.
गार पोलादावर घासली
आणि पंचफुला दिसली,
हातात पुठ्ठ्याचा पंखा, तोंड उघडं,
काहीतरी बोलायच्या बेतात.

मग अंधारातून:
"आणखी एक डाव करा."