शिल्लक एक रुपया

पोलोग्राउंडला दरवाढीची सुनावणी.
सल्लागार पडद्यावर दाखवतो
छावणीचा ट्रान्सफॉर्मर : आजच्या भावानं
एकेचाळीस लाख.

मी ओळखतो त्याला.
पंचवीस वर्षं, दर मार्चअखेर,
त्याचा घसारा मीच काढला,
अडीच हजार, अडीच हजार,
आणि तो गेला तुमच्या बिलात, गरगटे वहिनी,
युनिटामागे पैसा, अर्धा पैसा.
शेवटी ठेवला एक रुपया.
ठेवायचा असतो,
नाहीतर चालती वस्तू वहीतून पुसली जाते.

म्हणजे फिटला होता तो.
आता कागदावर पुन्हा कोरा होणार,
पुन्हा झिजणार
आपल्याच खिशावर.

उठलो. "तीन मिनट, अंकल."
दोन चष्मा शोधण्यात गेली.
तिसऱ्यात हिंदी आठवेना, मराठीतच म्हणालो,
फेडलेली म्हैस
दरसाल नव्यानं विकत घ्यायची का हो?

मागे कुणीतरी हसलं.
कारकुनानं लिहिलं : आपत्ति दर्ज.

परतताना छावणीत उतरलो.
म्हातारा घुमत होता. तेल पाझरलेलं,
वाळूच्या बादलीत विड्यांची थोटकं,
वर गरगट्यांच्या गच्चीत दिवा.
खिसा चाचपला.
रुपया होता. ऑटोवाल्यानं
चालत नाही म्हणून परत दिलेला.