फाईल फिरते

रविवारी चारचा चहा झाला की मी सुतळी सोडते.
आठवडाभर फिरून आलेली असते फाईल,
खडकी, दत्तवाडी, कोंढवा, परत नारायण पेठ;
जाताना सडपातळ, येताना पोट सुटलेलं.

या खेपेला मंगला वाघचौरेनं धाडलंय
मुठेत दिसलेल्या कासवाचं कात्रण.
त्यावर कुणीतरी भजी ठेवली होती,
बातमी तेलकट आहे, पण वाचता येते.
खाली फ्रान्सिसची पेन्सिल: कासव कसलं, हेल्मेट असणार.
त्याखाली मंगला, बॉलपेन दाबून:
मी स्वतः पुलावर उभी होते.
वाद आता तिसऱ्या पानावर गेलाय
आणि कासव केव्हाच पुढे.

यास्मिन बागवान कापत नाही काही,
उतरवून काढते.
पारवे झोपेत फांदी कशी धरून ठेवतात,
यावर दीड पान, शाळेतल्या अक्षरात.
शेवटी: मला हे बसमध्ये जमायला हवं.

रासने फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारतात, हिरव्या शाईनं.
फारच आवडलं तर समासात 'हं'.
अकरा वर्षांत चार 'हं'.
मी मोजलेत.

माझं काम डिंकाचं.
कुणाच्या शेजारी कोण बसेल ते ठरवायचं,
तारीख घालायची, गाठ मारायची.
स्वतःचं असं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आणि आज, पारव्यांच्या मागे,
चारी कडांना नीट डिंक लावून
माझीच वाण्याची यादी.
गेल्या रविवारी चुकून आत सरकलेली.

वर यास्मिन: या आठवड्यातलं सर्वांत वाचनीय.
फ्रान्सिस: गूळ पाव किलोच? पाहुणे येणं बंद झालं काय?
मंगला: खोबरं तुळशीबागेच्या मागे स्वस्त मिळतं, सांगितलं होतं.
फ्रान्सिस पुन्हा: 'वातींचं पाकीट, लहान',
हा 'लहान' मला आवडला.

रासन्यांनी 'जिरे'वर अनुस्वार दिलाय, 'जिरं' केलंय.
'मीठ' दोनदा आलंय, तिथे दोन्हींखाली रेघ.
खोडलेलं मात्र नाही एकही.

आणि अगदी तळाशी,
जिथे मी बेरीज करायला जागा सोडली होती,
हिरवं, बारीक, जरा तिरकं

हं.

मी डिंकाची बाटली उघडी तशीच ठेवून
वाण्याकडे गेले.
मीठ आणलं.
दोन पुडे.